नऊ पिनांचा खेळ : जुम्मा बाजार ते लॅमिंग्टन रोड

मुंबई पाहायला आलेली पाहुणेमंडळी राणीची बाग पाहतात, गेटवे पाहतात, चौपाटीवर भेळ खातात आणि पाय दुखले म्हणत परतीची गाडी धरतात. आम्हीही आजवर पाहुण्यांना तेच दाखवत आलो. परंतु २०२४ च्या दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी आम्ही जी मुंबई पाहिली ती सहलीवाल्यांच्या यादीत नसते. भायखळ्याहून चोर बाजार, तिथून पिला हाऊस, तिथून लॅमिंग्टन रोड आणि शेवटी ग्रँट रोड स्टेशन. सगळे पायी. निमित्त होते एका खेळण्याचे. खेळणे विकत आणायचे नव्हते, त्याचे सुटे भाग आणायचे होते.

आमचा थोरला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. हातात सोल्डरिंगची कावी आली की त्याला जेवणाची शुद्ध राहत नाही. त्याने दिवाळीत ठरवले की, जुने व्हिडिओ गेम खेळता येतील असे एक यंत्र घरीच बनवायचे. कुठेही नेता येईल असे, आणि ज्याला निरनिराळे कंट्रोलर लावता येतील असे. घरात दुरुस्तीला आलेले मिक्सर आणि पंखे कमी नाहीत, त्यात ही भर कशाला, असे आम्हाला वाटले. पण त्याने कारण सांगितले तेव्हा आम्ही गप्प बसलो. हे यंत्र तो काकांसाठी बनवणार होता.

काका म्हणजे आमचे धाकटे बंधू. वाचकांपैकी जे चाळिशीच्या पुढे गेले आहेत त्यांना ते दिवस आठवतील. १९९५-९६ चा सुमार. आमच्या चाळीच्या तोंडाशी एका गाळ्यात तीन टीव्ही मांडलेले असत आणि प्रत्येकाला व्हिडिओ गेमचे एकेक यंत्र जोडलेले असे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या त्या नकला. पिवळी कॅसेट, तिच्यावर लाखो खेळ असल्याची जाहिरात, आणि आत मोजून सात-आठ. अर्ध्या तासाला तीन रुपये. तेवढेही आमच्याजवळ नसत, म्हणून आम्ही दाराशी उभे राहून पाहत असू. काकांचे मात्र वेगळे होते. त्यांचा हात या खेळात असा बसला होता की इतर पोरे स्वतःचे तीन रुपये भरून त्यांना खेळायला बसवत आणि मागे उभी राहून पाहत.

हा खेळ अंगठ्यांचा. निन्टेन्डोत पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला लागलेले आणि पुढे खेळण्यांचे मोठे रचनाकार झालेले गुनपेई योकोई यांनी १९८२ साली अधिकच्या चिन्हासारखे दिशेचे बटण हातातल्या खेळात बसवले. तेव्हापासून डाव्या अंगठ्याने चालायचे आणि उजव्या अंगठ्याने उडी मारायची, गोळी झाडायची, ही रीत जगभर पडली. आणि काकांचा उजवा अंगठा २०११ साली गेला. पत्र्याची झाकणे काढणाऱ्या पॉवर प्रेसवर रात्रपाळीला होते. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता, कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली हे सांगणारा. त्यात अंगठ्यापुढे ३० टक्के लिहिले होते. त्या तीस टक्क्यांसाठी किती खेटे घालावे लागले ते आमच्या वाचकांना सांगायला नको. पुढे काका एका गोदामावर राखणीला लागले. तेव्हापासून त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात असतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा.

दिवाळीत थोरल्याने मोबाइलवर जुना खेळ लावून काकांच्या हाती दिला होता. त्यांनी दोन मिनिटे डाव्या हाताने खटाटोप केला आणि मोबाइल परत दिला. "आमचं वय गेलं रे बाळा," म्हणाले. वय बेचाळीस.

चौथ्या दिवशी थोरल्याने वही आणून आमच्यापुढे ठेवली. मध्ये पडदा असलेला एक खोका. खोक्याच्या दोन्ही अंगांना नऊ पिनांचे एकेक तोंड. कंट्रोलर वेगळे. ज्याचा हात जसा, तसा त्याचा कंट्रोलर. खेळायला बसला की खोचायचा, उठला की काढायचा. नऊच पिना का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, जुन्या खेळाला बटणे आठच : वर, खाली, डावे, उजवे, उडी, गोळी, सुरू करायचे एक आणि निवडायचे एक. आठ बटणांच्या आठ तारा आणि सगळ्यांना मिळून परतीची एक, ग्राउंडची. झाल्या नऊ. हिशेब आमच्यासारख्यालाही कळला.

शुक्रवारच का निवडला, तर आमच्या कंपनीला सुट्टी शुक्रवारची, लॅमिंग्टन रोडची दुकाने रविवारी बंद, आणि चोर बाजारातला जुम्मा बाजार भरतो तोच मुळी शुक्रवारी. काका यायला तयार नव्हते. "मला काय कळतं त्यातलं?" धाकटीने त्यांचा डावा हात धरला तो स्टेशनपर्यंत सोडला नाही.

पहाटेच्या लोकलला बसायला जागा मिळाली, हीच त्या दिवसाची पहिली कमाई. भायखळ्याला उतरलो तेव्हा उजाडायचे होते. नीट दुरुस्त केलेले ते जुने दगडी स्टेशन दिव्यांच्या उजेडात छान दिसते. गर्दीच्या वेळी त्याच्याकडे पाहायला कोणाला फुरसत असते? तिथून जे. जे. रुग्णालयाच्या बाजूने भेंडीबाजाराकडे चालत निघालो. डोक्यावर २००२ साली झालेला उड्डाणपूल, खाली हातगाड्या, पावाच्या लाद्या घेऊन निघालेले सायकलवाले. भेंडीबाजारच्या जुन्या चाळी पाडून तिथे आता टॉवर उठत आहेत. काका मान वर करून मजले मोजत होते. तेराव्या मजल्यावर मोजणे सोडून दिले.

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटची नेहमीची दुकाने शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी रस्ता फुटपाथवाल्यांचा. अंधारातच माल मांडायला सुरुवात होते आणि गिऱ्हाईक हातात टॉर्च घेऊन फिरते. एकेका चादरीवर काय काय असावे! एकाच पायातले बूट, दारांच्या बिजागऱ्या, ड्रिल मशीन, तांब्याची भांडी, बंद पडलेले मोबाइल पोत्याने, कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम. तो अल्बम पाहून आमच्या जिवाला कसेसेच झाले. या बाजाराचे नाव मुळात शोर बाजार, इंग्रजांच्या तोंडी त्याचा चोर झाला, असे सांगतात. खरे-खोटे कोण जाणे. पण मागच्या महिन्यात हरवलेली आपली छत्री कुठे दिसते का, हे प्रत्येकजण पाहतोच.

थोरल्याला हवे होते जुन्या व्हिडिओ गेमचे कंट्रोलर. तीन-चार चादरी पालथ्या घातल्यावर एका चाचांकडे रिमोटच्या ढिगाखाली दोन सापडले. एकाची तार उंदराने खाल्लेली, दुसऱ्याचे एक बटण आत गेलेले. चाचा म्हणाले पन्नासला एक. थोरला आयटीआयचा असल्यामुळे खोलून पाहतो म्हणाला. खोलले तर आत सर्किटवर काळ्या लाखेसारखा थेंब. तो थेंब म्हणजे चिप. आठ बटणांचे निरोप एकामागे एक एकाच तारेवरून पाठवण्याचे काम ती करते. थोरल्याला चिप नको होती. त्याला हवी होती बटणे, त्याखालचे रबर आणि प्लास्टिकचे अंग. दोन्ही मिळून चाळीसला सुटले. चाचांनी वर एक सुटे रबर फुकट दिले.

काकांनी उंदराने खाल्लेला कंट्रोलर डाव्या हातात घेतला, उलटसुलट पाहिला. "हाच होता," म्हणाले. तोच नसणार हे उघड आहे. पण आम्ही काही बोललो नाही.

तिथून मौलाना शौकत अली रोडने पश्चिमेकडे निघालो. जुना ग्रँट रोड तो हाच. रॉबर्ट ग्रँट १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या नावाचा. दो टाकी ओलांडून पुढे गेले की पिला हाऊस लागते. धाकटीने विचारले, घर पिवळे कुठे आहे? पिवळ्याशी त्याचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात या रस्त्यावर नाटकांची थिएटरे होती, म्हणून इंग्रज या भागाला प्ले हाऊस म्हणत. आपल्या लोकांनी त्याचे पिला हाऊस केले. म्हणजे खेळाचे घर. विष्णुदास भावे यांच्या मंडळीने १८५३ साली ग्रँट रोडच्याच नाट्यगृहात आपले खेळ केले होते. पुढे इथे तमाशाचे फड रंगले, मग सिनेमा आला. आज ती जुनी थिएटरे शोधावी लागतात. आजूबाजूच्या गल्ल्यांतून दारात उभ्या असलेल्या बायांकडे पाहून धाकटीने आणखी एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आम्ही घरी गेल्यावर देऊ म्हटले. ते अजून दिलेले नाही.

लॅमिंग्टन रोडची दुकाने साडेदहा-अकराशिवाय उघडत नाहीत. स्टेशनासमोरच्या जुन्या इराण्याकडे चहा आणि मावा केक घेतला आणि बरोबरच्या भाकऱ्याही तिथेच बाहेरच्या कट्ट्यावर सोडल्या. तेवढ्या वेळात थोरल्याने आम्हाला एका माणसाची गोष्ट सांगितली. ती आम्ही नंतर पडताळून पाहिली, म्हणून इथे देतो.

पूर्वी घरी खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये जे खेळ असतील तेवढेच. नवा खेळ हवा तर नवे यंत्र. कॅसेट बदलून खेळ बदलायचा, असे पहिले यंत्र अमेरिकेच्या फेअरचाइल्ड कंपनीने नोव्हेंबर १९७६ मध्ये बाजारात आणले. ते घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते जेरी लॉसन, कृष्णवर्णीय अभियंते. जन्म १९४०, न्यूयॉर्कचा. वडील गोदी कामगार. जेरी पोरवयात लोकांच्या घरी जाऊन टीव्ही दुरुस्त करून पैसे मिळवत. पहिलीत असताना त्यांच्या शिक्षिकेने त्यांच्या बाकाशेजारी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या गुलामीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाचे चित्र लावले होते, तूही असा होशील म्हणून. कृष्णवर्णीयांच्या लढ्याची ओळख आमच्या वाचकांना नव्याने करून द्यायला नको. पण व्हिडिओ गेमच्या कॅसेटमागे त्यांच्यातलाच एक माणूस आहे, हे आम्हाला तरी ठाऊक नव्हते. लॉसन २०११ साली वारले. कॅसेट सुटी झाली तरी त्या पहिल्या यंत्राचे कंट्रोलर मात्र तारेने कायमचे जखडलेलेच होते. त्याच यंत्राच्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुटे झाले. निन्टेन्डोच्या १९८३ च्या यंत्रातही कंट्रोलर जखडलेलेच. "म्हणजे कोणाचा हात कसा आहे ते कोणी विचारलंच नाही," काका म्हणाले. सकाळपासून त्यांनी आपण होऊन बोललेले हे पहिले वाक्य.

अकराला लॅमिंग्टन रोडवर शिरलो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण बेस्टच्या कंडक्टरपासून हमालापर्यंत सगळे अजून त्या लॅमिंग्टनसाहेबाचेच नाव घेतात. तो १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. आमच्या वडिलांच्या पिढीला हा रस्ता मिनर्व्हा टॉकीजमुळे माहीत. १९७५ साली तिथे 'शोले' लागला तो पाच वर्षे उतरला नाही. आमच्या पिढीला रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांमुळे. आजच्या पोरांना कॉम्प्युटरमुळे. रस्ता एकच, पण दर वीस वर्षांनी त्याच गाळ्यात नवा माल भरतो.

गाळे म्हणजे तरी केवढे! माणूस आत गेला तर माल बाहेर ठेवावा लागेल. भिंतभर प्लास्टिकचे लहान खण, प्रत्येकावर पेनाने लिहिलेला आकडा. मालकाला तो आकडा पाहावाही लागत नाही. बोलता बोलता हात मागे जातो आणि हवा तो रेझिस्टर निघतो. इथे भाव विचारायला लाज वाटत नाही, हे या बाजाराचे आम्हाला सर्वांत आवडले. पाच रुपयांचे बटण घेणारे पोर आणि पाच हजारांचा माल नेणारा व्यापारी एकाच काउंटरला टेकलेले असतात.

यंत्राचा मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर. नावात पाय असला तरी तो तळहातावर मावतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी शिकणाऱ्या पोरांना परवडावा म्हणून २०१२ साली पहिला काढला. थोरल्याने २०१८ सालचे एक मॉडेल जुने घेतले. त्याला टीव्हीची आणि आवाजाची तार एकाच भोकातून निघते. एका अंगाला चाळीस पिना, आणि त्यांतल्या बऱ्याच पिनांवर बटणे जोडता येतात. दुकानदाराने बजावले की या पिनांना ३.३ व्होल्टच सोसतात. चुकून पाच व्होल्ट दिले की कॉम्प्युटर गेलाच म्हणून समज.

पडदा घेतला तो मोटारीचा. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला मागचे दिसावे म्हणून सव्वाचार इंची पडदा असतो ना, तोच. त्याला लागतात १२ व्होल्ट, म्हणून पाचाचे बारा करणारी बोटभर पट्टी घेतली. आवाज वाढवायला तसलीच दुसरी. एक लहान स्पीकर. नऊ पिनांचे डी कनेक्टर, मेल आणि फिमेल. दहा तारांची रंगीत रिबन केबल. एक तार सोलून टाकली की उरतात नऊ. बॅटरीसाठी थोरला सुटे लिथियम सेल मागत होता. काउंटरवरच्या म्हाताऱ्या शेठने ते दिले नाहीत. "घर में बच्ची है ना? तयार पॉवर बँक लगा," म्हणाला. सुट्या सेलला संरक्षणाचे सर्किट नसले, किंवा त्याच्यावरच कावी टेकवली, तर आग लागू शकते. विकणाराच नको म्हणतो असे दुकान आम्ही कमी पाहिले आहेत. घरात जुनी पॉवर बँक होतीच, तेवढे पैसे वाचले.

मग काकांच्या बटणांची वेळ आली. परदेशात २०१८ साली मायक्रोसॉफ्टने अशा हातांसाठी मुद्दाम एक कंट्रोलर काढला आहे. दोन मोठ्या थाळीएवढी बटणे आणि मागे हवे ते बटण जोडायला १९ भोके. कल्पना फार चांगली. किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. थोरल्याने शेठकडे आर्केडची बटणे मागितली. गेम पार्लरच्या उभ्या यंत्रांना असतात ती, तीस मिलिमीटरची, आत मायक्रोस्विच असलेली. शेठने विचारले, कोणासाठी? थोरल्याने काकांकडे पाहिले.

काकांचा हात खिशात.

शेठने बिलबुक उलटे केले, कोरा कागद वर आणला, कानामागची पेन्सिल काढली. "हाथ रखो भाई, इधर." इतक्या सहजपणे की जणू चपलेचे माप घेतोय. काउंटरला आणखी चार गिऱ्हाइके होती. काका क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी हात बाहेर काढून कागदावर ठेवला. शेठने चारही बोटांभोवती पेन्सिल फिरवली, अंगठ्याच्या जागी नुसती गोल रेघ आली. पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या टोकाखाली दोन फुल्या मारल्या. "अंगूठे का काम ये दो करेंगे. बटण खडा नहीं, थोडा तिरछा लगाना." कागद फाडून थोरल्याला दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दोन बटणांचे पैसे मात्र पुरेपूर घेतले. सूट मागायचे आमच्या लक्षातच आले नाही.

परतीच्या गाडीत गर्दी होती. काकांनी वरची कडी उजव्या हाताने धरली होती.

घरी जोडणीला दोन आठवडे लागले. खोक्यासाठी विजेच्या फिटिंगचा आठ बाय सहाचा पीव्हीसी बोर्ड घेतला. त्याला पडद्यापुरते भोक पाडायला हॅक्सॉचे पान पुरते. जुम्मा बाजारातल्या कंट्रोलरचा काळा थेंब कापून काढला आणि प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार दिली. उंदराने खाल्लेल्या कंट्रोलरचे अंग कापून धाकटीच्या मुठीएवढे केले. काकांचा कंट्रोलर म्हणजे मांडीवर ठेवायचा प्लायवूडचा खोका. शेजारच्या सुतारदादांनी कडा घासून दिल्या. डावीकडे दिशेची चार बटणे, त्यांच्यावर दोन लहान, आणि उजवीकडे शेठच्या फुल्यांच्या जागी एक लाल, एक पिवळे, थोडी तिरकी. कोणती पिन म्हणजे कोणते बटण हे कॉम्प्युटरमधल्या एका फायलीत ओळीने लिहून द्यावे लागते. खेळांचे म्हणाल तर जुन्या कंपन्यांचे खेळ नकलून घेणे कायद्यात बसत नाही. हौशी मंडळींनी जुन्या यंत्रांसाठी नव्याने लिहून फुकट वाटलेले बरेच खेळ आहेत, थोरल्याने तेच भरले.

सगळे जोडून रविवारी रात्री सुरू केले. पडदा लागला, आवाज आला. आणि आठ बटणांपैकी एकच चालेना का! म्हणजे एकच चालत होते, गोळीचे. बाकीची सात मुकी. दुसरा कंट्रोलर लावला तरी तेच. तिसरा, तेच. थोरल्याने मीटर लावून एकेक तार तपासली, सगळ्या धड. अकरा वाजले. त्याचे डोळे भरून आले होते, पण काकांसमोर रडायचे नाही म्हणून पंखा तपासतो असे दाखवत होता.

काकांनी कनेक्टर हातात घेतला. समोरून पाहिला, मग मागून, जिथे तारा जोडल्या होत्या तिथून. "नंबर कुठून मोजलेस?" थोरल्याने तक्ता दाखवला. काका म्हणाले, "तक्ता समोरून काढलाय. तू कावी लावलीस मागून. डाय पालथी घातली की भोकं अशीच उलटी पडतात. आमच्याकडे नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी शंभर झाकणं अशी वाया घालवायचा."

तसेच निघाले. वरच्या रांगेत एक ते पाच, खालच्या रांगेत सहा ते नऊ; आरशासारखे उलटल्यावर ग्राउंडची नववी तार सहाव्या पिनेवर गेली आणि सहावी, गोळीची, नवव्यावर. त्या दोघींची अदलाबदल झाल्याने तेवढे एक बटण चालत होते. थोरला तिन्ही कंट्रोलर उकलायला बसला. काकांनी त्याला थांबवले. "तीन कशाला उकलतोस? खोक्यातली दोन तोंडं फिरव." पुस्तकातल्या तक्त्याशी आमचे यंत्र त्यामुळे जुळत नाही. घरातल्या तिन्ही कंट्रोलरशी जुळते.

मध्यरात्रीनंतर काका खेळायला बसले. वरून पडणारे ठोकळे जुळवायचा साधा खेळ. पहिल्यांदा ते फार लवकर हरले. दुसऱ्यांदाही. बोटांना सवय नव्हती. अंगठा जिथे असायचा तिथे हात आपोआप दाबला जायचा आणि खाली नुसते प्लायवूड. पाचव्या-सहाव्या डावाला धाकटी त्यांच्या जोडीला दुसऱ्या तोंडात आपला कंट्रोलर खोचून बसली. पॉवर बँक संपेपर्यंत, म्हणजे सुमारे चार तास, दोघे उठले नाहीत. धाकटीची शाळा सकाळची होती. सकाळी काय झाले ते लिहीत नाही.

यंत्र आमच्याकडे असते. कंट्रोलर काका घरी नेतात. रविवारी येताना पिशवीत घालून आणतात, जशी काही मंडळी आपली बॅट आणतात. मागच्या खेपेला त्याच्या केबलची एक तार वाकून वाकून तुटली. थोरला म्हणाला, रिबन नको, गोल केबल हवी, नऊ तारांची. ती आमच्या इथे मिळत नाही. काकांनी कॅलेंडर काढून पुढचा शुक्रवार पाहिला.